थेंब खाली पडतो, गळती वर असते

पावसाळा संपता संपता यावेळी जे प्रश्न आलेत त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे आहेत, ऑटोमॅटिक गाडीखाली तेल दिसतंय आणि कुणीतरी गिअरबॉक्स उतरवायचं म्हणतंय. म्हणून हे अख्खं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : दादा, माझी सहा वर्षं जुनी पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी आहे, 74 हजार किलोमीटर झालेत. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा लालसर डाग दिसतो. एका वर्कशॉपमधे दाखवली, त्यांनी पाच मिनिटं खाली वाकून बघितलं आणि म्हणाले पुढचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, 48 हजार. गाडी चालायला मात्र एकदम मस्त आहे. काम करून घेऊ का?
— वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : थांबा, एवढ्यात हो म्हणू नका. त्यांचं निदान बरोबरही असेल, पण पाच मिनिटं वाकून बघून ते कळत नाही, आणि 48 हजाराच्या कामाआधी एक दिवस शोधायला दिलाच पाहिजे हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आधी ते तेल कसलं आहे ते बघा. रात्री डागाच्या जागी पांढरा पुठ्ठा ठेवा, सकाळी त्यावरचा थेंब टिश्यूने टिपा आणि उजेडात न्या. ऑटोमॅटिकचं तेल, ज्याला आपण एटीएफ म्हणतो, ते बहुतेक गाड्यांत लाल रंगाचं असतं, मुद्दाम रंग टाकलेला असतो, इंजिन ऑइलपासून ओळखू यावं म्हणून. जुनं झालं की ते तपकिरी होतं आणि करपलं असेल तर जळका वास येतो. इंजिन ऑइल मधाच्या रंगाचं नाहीतर काळं. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा लालही असतं आणि इथेच लोक फसतात, पण कूलंट बोटांत चोळलं तर पाण्यासारखं लागतं, वास गोडसर, आणि एटीएफ तेलकट राहतं, बोट पुसलं तरी निसरडं. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाड्यांत स्टिअरिंगलाही हेच लाल तेल घातलेलं असतं, म्हणजे लाल दिसलं की गिअरबॉक्सच असंही नाही. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं आहे, निवांत राहा.

मग जागा. आपल्याकडच्या बऱ्याचशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स डाव्या बाजूला असतो. पण डाग जिथे पडला तिथेच वर गळती आहे असं धरून चालू नका, कारण नव्या गाड्यांना खाली प्लास्टिकचं कव्हर असतं, तेल त्यात साचतं आणि कव्हरच्या एखाद्या भोकातून भलतीकडेच ठिबकतं. ते कव्हर काढल्याशिवाय केलेलं निदान मी मानत नाही.

आता मुख्य काम, ते म्हणजे धुणं. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, कव्हर काढा, डीग्रीझर मारून गिअरबॉक्स वरपासून खालपर्यंत ब्रशने घासून धुवा, वायरिंगच्या कनेक्टरवर आणि वरच्या ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, तोंडावर पाण्याचा जोर मारू नका, हवेने कोरडं करा. मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा, चढ असेल असा रस्ता घ्या म्हणजे तेल तापेल, आणि परत लिफ्टवर घेऊन टॉर्चने बघा. बघायचं काय, तर सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. तेल वजनाने खाली येतं आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे खालची-मागची बाजू नेहमीच भिजलेली असते आणि तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. दिसलं नाही तर संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरवा, पाझर असेल तिथे पावडरीत लाल रेघ उमटते. तरीही नाही सापडलं तर तेलात यूव्ही डाय टाकून यूव्ही टॉर्चने बघतात, पिवळट हिरवं चमकतं आणि वाट अगदी उगमापर्यंत दिसते.

माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो. खालच्या चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखाली तेल साचतं त्या पत्र्याच्या भांड्याच्या, मागच्या कोपऱ्यात थेंब लटकलेला, म्हणून दुसरीकडे चेंबरचं पॅकिंग दोनदा बदलून झालेलं, दुसऱ्या वेळी तर वरून सिलिकॉन फासलेलं आणि बोल्ट इतके आवळलेले की चेंबरचा पत्रा बोल्टपाशी आत वाकला होता. आम्ही धुवून, चालवून आणून बघितलं तर चेंबरची कड कोरडीठाक आणि वर, बॅटरीच्या ट्रेखाली, एटीएफ थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या क्लिपपाशी मोहरीएवढा लाल मणी. बोटाने पुसला, इंजिन चालू ठेवलं, दीड मिनिटात परत आला. तिथून तेल केसिंगच्या एका उभ्या कडेवरून, एखादी मुंगी जावी तसं, खाली चेंबरपर्यंत उतरत होतं. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या. वाकलेल्या चेंबरचा खर्च मात्र त्यांना उगाच पडला, याचं मला फार वाईट वाटलं, कारण चेंबरचे ते बोल्ट अगदी हलके आवळायचे असतात, आठ-दहा न्यूटन मीटरच्या आसपास, मनगटाच्या जोराने सुद्धा जास्त होतात. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा आणि टॉर्क रेंच, दुसरं काही नको.

तुमच्या गाडीत पुढचं सील म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा गोल डबा, जिथे पंपात बसतो तिथलं सील. ते गेलं तर तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, म्हणजे बेल हाउसिंगच्या खालून येतं. पण तिथूनच इंजिनचं मागचं क्रँक सीलही गळतं. शिवाय वर इंजिनच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असलं तर ते तेलही मागून ओघळत त्याच सांध्यात येतं. म्हणून तिथला थेंब लाल का काळा हे आधी ठरवा, मग इन्स्पेक्शन कव्हर काढून आत टॉर्च मारा. पुढचं सील गळत असेल तर फिरणाऱ्या कन्व्हर्टरने तेल भिरकावलेलं असतं, हाउसिंगच्या आत गोल पट्टा भिजलेला दिसतो. तसा दिसला तर वर्कशॉपचं खरं आहे आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. सील स्वतः फार महाग नसतं, पैसा जातो तो मजुरीत, म्हणून एकदा उतरवलं की क्रँक सीलही त्याचवेळी टाकून घ्या आणि कन्व्हर्टरच्या गळ्यावर नख फिरवून बघायला सांगा, नख अडकेल अशी चर पडली असेल किंवा पंपातला बुश खाल्ला असेल तर नवीन सील काही महिन्यांत परत गळेल.

आणि बाकीच्या नेहमीच्या जागाही बघायला सांगा : चाकांना फिरवणारे दोन्ही दांडे म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट जिथे घुसतात तिथली सील, गिअरच्या दांडीचं म्हणजे सिलेक्टर शाफ्टचं सील, ड्रेन प्लगचा वॉशर, सेन्सरच्या ओ-रिंगा. ड्राइव्ह शाफ्टपाशी काळं, घट्ट, लोण्यासारखं काही उडालेलं असेल तर ते तेल नाही, फाटलेल्या रबर बूटातलं ग्रीस आहे, वेगळं काम.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत आहे, घरी आलो की गाडी बघतो. दोन-तीन आठवडे उभी राहिली की खाली लाल डाग असतो, चांगला वाटीभर तेल सांडल्यासारखा. मग मी रोज चालवायला लागलो की गळती बंद! मेकॅनिक म्हणतो चालू गाडीत गळत नाही तर सोडून द्या. बरोबर आहे का?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही सांगितलंत तेच निदानाचं सगळ्यात मोठं टोक आहे. इंजिन चालू असताना पंप तेल खेचून टॉर्क कन्व्हर्टर भरलेला ठेवतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली चेंबरमधे उतरतं, दोन-दोन लिटरही उतरू शकतं, आणि चेंबरमधली पातळी नेहमीपेक्षा खूप वर चढते. एरवी जे सील तेलाच्या वर कोरडं असतं ते आता तेलात बुडतं आणि ते कडक झालेलं असेल तर तिथून पाझरतं. बऱ्याच गाड्यांत ते सिलेक्टर शाफ्टचं सील निघतं, कधी चेंबरची वरची कड, कधी एखाद्या कनेक्टरची ओ-रिंग. गाडी सुरू केली की पंप तेल परत वर ओढतो, पातळी खाली जाते, गळती थांबते. म्हणून चालवून आणून शोधलं तर कधीच सापडणार नाही. तुम्ही धुवून घ्या आणि दहा-बारा दिवस उभीच ठेवा, घरच्यांना सांगा हात लावू नका, आणि स्टार्ट करायच्या आधी, थंड गाडीखालीच टॉर्चने बघून घ्या.

सोडून देऊ नका, कारण एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे बाहेर गेलं. दरवेळी वाटी-वाटी जात राहिलं तर एक दिवस तुम्ही स्टार्ट करून लगेच डी टाकाल आणि गाडी दोन-तीन सेकंद हलणारच नाही, मग धक्का देऊन निघेल. तो उशीर म्हणजे तेल कमी असल्याची पहिली खूण. दुसरी खूण घाटात, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही. वळणावर क्षणभर सुटल्यासारखी वाटणं ही तिसरी, कारण तेल एका बाजूला गेलं की पंपाला हवा मिळते. क्लच प्लेटी तेवढ्यात जळायला सुरुवात होते.

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत चेंबरचा पत्रा आणि बोल्ट गंजतात तेही बघा, गंजाचा फोड असेल तर पॅकिंग कितीही नवीन टाका, कड धरणार नाही.

प्रश्न : माझी एएमटी आहे. एटीएफ कुठून चेक करायचं? डिपस्टिकच सापडत नाहीये.
— वाचक, परभणी

उत्तर : सापडणार नाही, कारण तुमच्या गाडीत त्या अर्थाने एटीएफ नाहीच. एएमटी, जी मारुतीने 2014 साली सेलेरिओत आणल्यावर आपल्याकडे सगळीकडे झाली, ती आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्च्युएटर करतो. गिअरबॉक्समधे गिअर ऑइल असतं, त्याला उग्र, गंधकासारखा वास येतो, आणि हायड्रॉलिक अ‍ॅक्च्युएटर असेल तर त्याची वेगळी छोटी बाटली असते. त्या बाटलीतलं कमी होत असेल तर लगेच दाखवा, आणि त्यात गावातल्या दुकानातलं कुठलंही लाल तेल ओतू नका, मॅन्युअलमधे जे नाव आहे तेच. असंच सीव्हीटीवाल्यांनाही, म्हणजे ज्यांच्या ऑटोमॅटिकमधे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असतात त्यांनाही सांगतो, तिचं तेल वेगळं असतं, कधी हिरवट, कधी सोनेरी, लाल नाही म्हणून गळतच नाही असं समजू नका.

प्रश्न : दादा, खाली एक थेंब नाही पण एटीएफच्या काडीवर पातळी आधीपेक्षा वर दिसतेय! आणि कूलंटच्या बाटलीत वर गुलाबी सायीसारखं काहीतरी तरंगतंय. गाडी 11 वर्षांची आहे. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला लग्नाला जायचंय, एवढी ट्रिप करून आल्यावर काम केलं तर चालेल का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, ताई. ही गाडी आता कोल्हापूरला सोडाच, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही नेऊ नका. लग्नाला ट्रेनने जा.

झालंय काय ते सांगतो. तुमच्या गाडीत एटीएफ थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच बसवलेला असणार, तेल आत, भोवती कूलंट, मधे पातळ धातूची भिंत. ती भिंत आतून गंजून फुटते. इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर जास्त म्हणून तेल कूलंटमधे जातं, ती तुमची गुलाबी साय. इंजिन बंद केल्यावर तेलाचं प्रेशर जातं पण गरम कूलंटचं राहतं, म्हणून कूलंट उलटं गिअरबॉक्समधे शिरतं, आणि तुमच्या काडीवरची पातळी वाढली ती त्यामुळे. ही गळतीच आहे, फक्त बाहेर पडत नाही, आणि बाहेर पडणाऱ्या सगळ्या गळत्यांपेक्षा वाईट, कारण क्लच प्लेटींवर जो कागदासारखा थर चिकटवलेला असतो त्याचा गोंद पाण्याने आणि कूलंटने सुटतो. काडी पांढऱ्या रुमालावर पुसून बघा, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर खात्रीच.

फ्लॅटबेडवर चढवूनच न्या. दोरी बांधून, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढू देऊ नका, कारण गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले भाग तेलाविना फिरतात. पुढे नवीन रेडिएटर लागेलच. जुना धुवून परत बसवू नका. मग गिअरबॉक्समधलं तेल एकदा बदलून भागत नाही, ड्रेन प्लग काढला की निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमधे आणि कूलरच्या पाइपांत राहतं, म्हणून स्वच्छ लाल येईपर्यंत तीन-चार वेळा तरी बदलावं लागतं. तुम्ही लवकर बघितलंत, अजून घसरत नसेल तर वाचायची बरीच आशा आहे, आणि काडी काढून बघायची सवय तुम्हाला आहे याचंच मला फार बरं वाटलं.

प्रश्न : मिशिगनला राहतो, जुनी सेडान आहे. गेल्या हिवाळ्यानंतर पुढे रेडिएटरपाशी एटीएफ ठिबकायला लागलं, स्टीलची कूलर लाइन गंजलीय. इथला एक मित्र म्हणतो तेवढा तुकडा कापून मधे फ्युएल होज घाल आणि क्लॅम्प आवळ. करू का?
— वाचक, अ‍ॅन आर्बर

उत्तर : तिकडे बर्फावर मीठ टाकतात त्याने या लाइन्स गंजतात, हे तुमच्या भागातलं रोजचंच दुखणं. निदान तुम्ही बरोबर केलंत, पण जिथे गळतंय तेवढंच गंजलंय असं समजू नका, जाड कापडाने अख्खी लाइन पुसत जा, क्लिपांच्या खाली विशेष, तिथे मीठ आणि ओल अडकून राहते. खपल्या निघाल्या तर पूर्ण लाइन बदला. फ्युएल होज नको. तो पेट्रोलसाठीचा पाइप, एटीएफ पेट्रोलपेक्षा जास्त तापतं आणि रबर आतून फुगून मऊ होतं, मग हायवेवर पाइप निसटला की काही मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा, आणि तेल गरम सायलेन्सरच्या पाइपवर गेलं तर आग लागू शकते. तात्पुरतं करायचंच असेल तर ट्रान्समिशन कूलरसाठीचा म्हणून लिहिलेला होज घ्या, स्टीलच्या टोकाला कड उठवून घ्या म्हणजे होज सरकणार नाही, दोन्हीकडे दोन-दोन क्लॅम्प लावा, आणि रबर फिरणाऱ्या किंवा तापणाऱ्या भागाला टेकणार नाही हे बघा.

प्रश्न : थोडं गळत होतं म्हणून मेकॅनिकने अंदाजाने लिटरभर तेल घातलं, काडी नाहीये गाडीला. आता आधीपेक्षा जास्त गळतंय, आणि गिअरबॉक्सच्या अगदी वरून! लीक स्टॉपची बाटली घालू का?
— वाचक, जालना

उत्तर : बाटली राहू द्या, आधी पातळी. वरून येतंय म्हणजे ब्रीदरमधून येत असणार. तेल जास्त झालं की आतले गिअर ते घुसळतात, फेस होतो, फेस फुगून ब्रीदरमधून बाहेर पडतो. फेसाने प्रेशरही धरत नाही, म्हणजे जास्त तेलाने गाडी अगदी तशीच घसरते जशी कमी तेलाने. अंदाजाने तेल घालणं ही सवय मोडायला हवी. साधा हिशोब बघा, गाडी चालू असताना दर दहा सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला 360 थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर 18 मिली, रोज तासभर चालवली तर महिन्याला साधारण अर्धा लिटर. तुमचं ‘थोडं’ याहून कमीच असेल, मग लिटरभर कशाला!

काडी नसलेल्या बहुतेक गाड्यांत पातळी अशी बघतात. गाडी लिफ्टवर एकदम सपाट, इंजिन चालू, ब्रेक दाबून गिअर पी, आर, एन, डी असा सावकाश फिरवून परत पी, स्कॅनर लावून तेलाचं तापमान कंपनीने दिलेल्या पट्ट्यात, अनेक गाड्यांत ते 35 ते 45 अंशांच्या आसपास असतं, आणि मग खालचा चेक प्लग उघडतात. बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर कमी, भदाभदा आलं तर जास्त, येऊ द्यायचं. हेच इंजिन बंद असताना उघडलं तर कन्व्हर्टरमधलं खाली उतरलेलं तेलही निघून जातं आणि गिअरबॉक्स कमी तेलावर राहतो, ही चूक मी फार वेळा बघितलीय. काडीवाल्या गाड्यांतही प्रत्येकाची रीत वेगळी, बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून गरम तेलावर बघतात आणि कित्येक होंडांमधे इंजिन बंद केल्यावर एक-दीड मिनिटाच्या आत, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडाच.

लीक स्टॉपबद्दल, त्यातलं औषध रबराला फुगवतं आणि मऊ करतं. कडक झालेल्या सीलचा पाझर काही दिवस थांबतोही. फाटलेलं सील, वाकलेला चेंबर, सैल पाइप, यातलं काहीही त्याने बरं होत नाही, आणि चांगली सीलंही गरजेपेक्षा मऊ पडतात. पातळी बरोबर करून घ्या, वरचा भाग धुवा, ब्रीदरच्या तोंडावर मातीचा गोळा बसलाय का बघा, तो बसला असेल तर आतलं प्रेशर सीलांमधूनच वाट काढतं. मग आठ दिवस चालवा, रोज रात्री खाली ताजा पुठ्ठा ठेवा, आणि त्यावर गाडीच्या पुढच्या चाकांची जागा पेनाने काढून फोटो पाठवा. डाग कुठल्या चाकापासून किती वितीवर पडतोय ते दिसलं तर पुढचं मला इथून सांगता येईल.